चार गोल ठिगळं

दुपारचे तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. गाडीतल्या हिरव्या आकड्यांच्या घड्याळात मी स्वतः पाहिलं. त्याच मिनिटाला ‘खट्’ असा आवाज आला आणि गाडीची चारही दारं आपसूक लॉक झाली. कुणी बटण दाबलं नव्हतं, कुणी किल्ली फिरवली नव्हती. किल्ली आतच लटकत होती. मागच्या सीटवर, बाळाच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली चौदा महिन्यांची ठकी आत होती. तिची आई बाहेर होती. ऊन असं की टपाला हात लावला तर पोळावा.

आणि मी ठकीच्या अगदी डोक्यावर होते.

मी बोलतेय. मी म्हणजे त्या गाडीच्या सनरूफची, छतावरच्या सरकत्या काचेची, रबरी पट्टी. काचेच्या चारही कडांना मिठी मारून बसलेली, करंगळीएवढी जाड, आतून पोकळ, काळी. काचेतून लोक आभाळ बघतात, मला कुणी बघत नाही. आत पाणी आलं की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते. त्या दुपारीला आता बरेच दिवस झाले, तरी माझी छाती अजून धडधडते. रबराला कुठली आलीय छाती, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण काहीतरी धडधडतं एवढं नक्की. म्हणून पहिल्यापासून सांगते. ते ‘खट्’ एका मिनिटात झालं नाही, त्याची तयारी वर्षानुवर्षं चालली होती, आणि ती करणारी सगळी भली माणसं होती. यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काळा गोळा मळला, साच्यातून लांबच लांब दोरी काढली, भट्टीत भाजली, मापाने कापली आणि दोन्ही टोकं जोडून माझी माळ केली. जोडावरून एक बाई अंगठा फिरवून बघायची. तिच्या अंगठ्याला खरखर लागली तर पट्टी बाजूला. माझ्यावरून तिचा अंगठा सुळ्कन गेला. तो मला अजून आठवतो.

जन्माबरोबरच मला माझं काम कळलं. ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. पावसाचं सगळंच्या सगळं पाणी मी अडवायचं, असं कधीच ठरलेलं नव्हतं. काच सरकायची तर थोडी फट राहणार आणि थोडं पाणी आत उतरणार. ते काचेखालच्या पन्हाळीत पडतं. पन्हाळीच्या चार कोपऱ्यांना चार भोकं असतात, भोकांना नळ्या असतात, आणि त्या नळ्या गाडीच्या खांबांतून खाली उतरून चाकांमागे सुटतात. पाणी आलं तसं निघून जातं, आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. मी दार, आणि ती चार भोकं म्हणजे मोरी. घराला दार कितीही चांगलं असू द्या, मोरी नसली तर काय होईल?

पहिली चौदा वर्षं मी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर काढली. बाई मागे बसून पेशंटांचे कागद वाचायच्या, वर कधी बघायच्या नाहीत. पण त्यांचे ड्रायव्हरकाका फार नीटस. वर्षातून एकदा, पावसाळा तोंडावर आला की ते काच उघडायचे, मला ओल्या फडक्याने पुसायचे, अंगावर पांढरी पावडर चोळायचे. मग चहाच्या पेल्यात पाणी घेऊन चारही कोपऱ्यांत थोडं थोडं ओतायचे आणि जमिनीवर उकिडवे बसून चाकांमागे बघायचे. चारही ठिकाणी धार पडली की म्हणायचे, “चला, नाक मोकळं आहे.” एखादी धार कमी पडली, तर जाड नायलॉनची मऊ दोरी भोकात सारून हळूच फिरवायचे. बास, एवढंच. पाव तासाचं काम.

मग काकांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. दोन वर्षांनी बाईंनीही दवाखाना बंद केला, गाडी विकली. नव्या मालकाला कागद दिले, दोन किल्ल्या दिल्या, स्टेपनी दाखवली, हॉर्न जरा बसका आहे तेही सांगितलं. चार भोकांचं सांगायचं राहून गेलं. त्यांनी लपवलं नाही हो. त्यांना माहीतच नव्हतं.

नवा मालक म्हणजे ठकीचे वडील. छापखान्यात कामाला. तेव्हा ठकी नव्हती, ठकीची आईसुद्धा अजून घरात यायची होती. घर वरच्या मजल्यावर आणि खाली आजोबांचं पंक्चरचं दुकान. गाडी उभी राहायची दुकानाशेजारी, एका बारीक पानांच्या झाडाखाली. सावली म्हणून चांगली जागा. पण ती बारीक पानं माझ्या कडेवरून आत सरकायची, पन्हाळीत कुजायची आणि भोकांच्या तोंडाशी त्यांचा काळा लगदा व्हायचा. पेला घेऊन येणारं आता कुणी नव्हतं.

आजोबांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चाळीस वर्षं पंक्चर काढलेला माणूस. सायकलची, स्कूटरची, ट्रकची, आली ती ट्यूब त्यांनी टबात बुडवली, बुडबुडा शोधला आणि बुजवली. रबरावर त्यांची माया. पहिल्या दिवशीच त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि मला एकदम कारखान्यातली बाई आठवली. “अजून जीव आहे हिच्यात,” ते म्हणाले होते. त्या दिवसापासून मी या माणसावर भाळले. त्यांचं ठिगळ गल्लीत प्रसिद्ध होतं. जुन्या ट्यूबचा तुकडा घ्यायचा, कडा खरवडून पातळ करायच्या आणि कात्रीने चारही कोपरे गोल करायचे. कोपरा गोल असला की ठिगळ उचलत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ठकीच्या फाटलेल्या चेंडूवरसुद्धा त्यांचं गोल ठिगळ होतं.

मग ठकीची आई सून म्हणून आली, आणि तीन वर्षांनी ठकी आली. ठकी झाल्यापासून तिची आई काळजीनेच अर्धी झाली होती. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना बघायची, बाळ जागं झालं की का जागं झालं म्हणून बघायची. नवरा चिडवायचा, “तू तिला झोपू देतेस की तिची हजेरी घेतेस?” ती ओशाळून हसायची आणि पुन्हा बघायची.

गेल्या पावसाळ्यात एकदा ती गाडीत ठकीला पाजत बसली होती आणि वरून एक थेंब तिच्या गालावर पडला. मग दुसरा पडला. भोकांशी लगदा साचल्यामुळे पन्हाळ भरली होती, पुढच्या कडेवरून पाणी ओसंडत होतं. तिने वर माझ्याकडे बघितलं. मी कशी सांगणार?

दुसऱ्या दिवशी आजोबा स्टुलावर चढले. काच सरकवली, पन्हाळ पुसली, लगदा काढून फेकला. मला वाटलं, झालं, सुटले. आता एक पेला पाणी ओता आणि खाली बघा. तेवढ्यात त्यांना ती भोकं दिसली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. जन्मभर एकेक भोक शोधणाऱ्याला एकदम चार सापडली.

“सूनबाई, हे बघ,” ते वरूनच म्हणाले. “इथनं येतंय पाणी. कंपनीवाल्यांनी भोकं पाडली आणि बुजवायला विसरले.”

ती ठकीला कडेवर घेऊन खाली उभी होती. जरा थांबून म्हणाली, “बाबा, मुद्दाम ठेवली असतील तर?”

“मुद्दाम कोण भोकं पाडतं बाई? मग टायरात खिळाही मुद्दामच घुसतो म्हणायचं.”

दुकानातले सगळे हसले. तीही हसली. मला मात्र कुणीतरी दोन्ही टोकांना धरून ताणावं तसं झालं. आजोबांनी चार ठिगळं कापली, कडा खरवडल्या, कोपरे गोल केले, चिकटवायचं सोल्युशन लावून फुंकर घालून वाळवलं आणि चारही भोकांवर एकेक ठिगळ दाबून बसवलं. वर पुढच्या कडेला ट्यूबच्या रबराचा बोटभर उंच बांध घातला. माझ्या अंगालाही सोल्युशन चोपडलं. इतक्या मायेने चोपडलं की मला रागही येईना. मग टपावर बादलीभर पाणी ओतलं. आत एक थेंब पडला नाही. आजोबा स्टुलावरून उतरले तेव्हा लढाई जिंकून आल्यासारखे दिसत होते.

पुढे पाणी पडेना, कारण पुढे बांध होता. ते मागे गेलं. मागच्या कडेवरून, छताच्या कापडाआडून, खांबातून उतरत उतरत थेट पायाखालच्या गालिच्यात जाऊन बसलं. डोळ्यांना काही दिसेना. पाऊस होऊन गेला की मला खालून मुरण्याचा आवाज यायचा. सगळे म्हणायचे, बाबांनी गळती बंद केली. खरंच केली होती. गळायची वाटच बंद केली होती.

थेंब थांबले आणि वास सुरू झाला. तो पहिल्यांदा ठकीच्या आईला आला. ओल्या पोत्यासारखा. पाऊस गेला, हिवाळा संपला, तरी गालिच्याखालची ओल काही हटेना. वर रबरी पायपुसणी अंथरलेली, ओल जाणार कुठे? सकाळी काचांवर आतून धुकं असायचं. सीटच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरली. ठकीची सर्दी काही केल्या जाईना. ठकीची आई नवऱ्याला सांगायची आणि नवरा म्हणायचा, “तुला झोपेतही वास येतो.” मग एकदा गाडी नुसती उभी असताना वायपर आपोआप फिरला. दुसऱ्यांदा आतला दिवा लागला आणि विझला. मग अधूनमधून दारांचं खट्-खट् सुरू झालं. नवरा म्हणाला, गाडीला उचकी लागलीय, कुणीतरी आठवण काढतंय. उचकीवर हसलो ना आपण, त्याचं मला आता इतकं वाईट वाटतं. गाडी ओरडून सांगत होती. पायाखाली, सीटच्या तळाशी, एक डबी असते. दारं लावा, दारं उघडा, हे सगळे हुकूम ती सोडते. ती डबी पाण्यात बसली होती.

ठकीच्या आईने पिच्छाच पुरवला, तेव्हा घरात बोलणं झालं. आजोबा म्हणाले, माझ्या ठिगळातून पाणी येणं शक्य नाही. ते खरंच होतं. मग दोष कुणाचा? म्हातारं रबर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी म्हातारी झालेच होते, नाही म्हणत नाही. उन्हाने तडकले होते, मागच्या कोपऱ्यात आखडून पाव बोट फट पडली होती. पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला. गॅरेजवाल्या काकांना नवी पट्टी मागवायला सांगितलं. गाडी जुनी, पट्टी यायला तीन आठवडे लागले. मग एका दुपारी फोन आला की या.

नवरा छापखान्यात होता. ठकीच्या आईने ठकीला मागे खुर्चीत बांधलं, स्वतः गाडी चालवत आली आणि गॅरेजच्या आवारात उन्हात उभी केली. इंजिन बंद केलं. किल्ली तशीच ठेवली. दारात गॅरेजवाले काका दिसत होते, दहा पावलांवर. पट्टी आलीय का एवढंच विचारायचं होतं. ती उतरली, दार लोटलं, मागे वळून ठकीला हात केला.

खट्.

आधी ती हसली. स्वतःच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असं तिला वाटलं. दाराची मूठ ओढली. दुसरी ओढली. धावत फिरून चारही ओढल्या. ठकीला वाटलं, आई भॉऽक करतेय. ती या खिडकीत दिसली की ठकी हसायची, त्या खिडकीत दिसली की हसायची. मला ते बघवेना. तीन वाजून अठरा.

गॅरेजवाले काका धावत आले. त्यांनी दाराच्या फटीत लाकडी पाचर ठोकली, तार आत सारायला घेतली. एकाने दुसऱ्या किल्लीसाठी छापखान्यात फोन लावला, तो कुणी उचलेना. बाजूच्या दुकानातली चार माणसं जमली, प्रत्येकाकडे एक सल्ला. काका म्हणाले, दोन मिनिटं. तीन वीस. ठकीला आता खेळ पुरे झाला होता. ती रडायला लागली. तिचे केस कपाळाला चिकटले. हात वर करून ती वर बघायला लागली, म्हणजे माझ्याकडेच.

मी काय सांगू तुम्हाला. एकोणीस वर्षं मी एका गोष्टीचा गर्व केला होता. घट्टपणाचा. वारा येऊ देत नाही, धूळ येऊ देत नाही. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या घट्टपणाची लाज वाटली. मी सुटायचा प्रयत्न केला हो. पण रबर स्वतःहून सुटत नाही, आणि वर आजोबांचं सोल्युशन. फक्त मागच्या कोपऱ्यात, जिथे मी आखडले होते, तिथून जरासा वारा आत जात होता. त्या पाव बोट फटीपायी किती शिव्या खाल्ल्या होत्या मी. त्या क्षणी वाटलं, सगळीच आखडून गेले असते तर बरं झालं असतं.

तीन बावीस. तार आतल्या बटणावरून घसरली. काकांचा घाम तारेवर. “दोन मिनिटं,” ते पुन्हा म्हणाले.

तीन चोवीस. ठकीचं रडणं थांबलं.

ठकीच्या आईने काकांकडे पाहिलं. “मघाशीही दोनच म्हणालात,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने जमिनीवरचा चाकाचा पाना उचलला. कुणीतरी म्हणालं, काचा पोरीच्या अंगावर उडतील. ती ऐकायला थांबली नाही, पण ऐकलं तिने. ठकी मागे उजवीकडे होती. आई गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या खिडकीशी गेली. पहिला घाव मधोमध घातला, पाना टणकन परत आला. “कोपऱ्यात मार, कोपऱ्यात,” काका ओरडले. दुसरा घाव तिने खालच्या कोपऱ्यात घातला आणि काच साखरेसारखी सांडली. तीन पंचवीस.

तिने हात आत घालून कडी उघडली, पुढच्या सीटवरून मागे गेली, पट्टे सोडले. ठकी तांबडीलाल झाली होती, मान कलली होती. सावलीत नेलं, ओल्या फडक्याने पुसलं, ओठांना पाणी लावलं. ठकीने डोळे उघडले, सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं. अशा रडण्यावर मी कधी इतकी खूश होईन असं मला वाटलं नव्हतं. ठकीची आई तिला घेऊन खाली मातीतच बसली. मग काका त्यांच्या गाडीतून दोघींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. ठकी बरी होती.

गाडी गॅरेजातच राहिली. त्या संध्याकाळी घरी काय झालं ते मला नंतर कळलं. आजोबांनी ठकीला छातीशी धरलं ते सोडलंच नाही, आणि म्हणाले, ज्याच्यामुळे हे झालं त्याला माझ्यापुढे उभा करा, मी विचारतो त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीची आई गॅरेजात आली. ठकी कडेवर, एका हाताने तिचा पाय घट्ट धरलेला. काकांनी गालिचा उचलला होता. खाली वाटीने उपसावं एवढं पाणी होतं आणि त्यात ती डबी. डबीच्या तारांना हिरवा गंज चढला होता. “हिने दारं लावली,” काका म्हणाले. “आता हे पाणी कुठनं आलं ते बघू.”

मग माझी पाळी आली. चार स्क्रू काढले, काच उचलून घोंगडीवर ठेवली. मागच्या मधल्या जोडापासून मला धरलं आणि टरटर ओढून काढलं. दुखलं, पण थोडंच. आणि मग काका पन्हाळीवर वाकले. नखाने त्यांनी एक ठिगळ उचलायला घेतलं, ते निघेना. सुरीच्या पातीने काढावं लागलं. चारही काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. “कारागीर चांगला आहे,” ते म्हणाले. “पण ही मोरी होती ना बाई. मोरीला कुणी ठिगळ लावतं का?”

ती ठिगळांकडे बघत राहिली. पातळ कडा. गोल कोपरे. घरच्या चेंडूवर होतं तसंच. तिला ते आधीपासून माहीत होतं, तिच्यासमोरच तर लावली होती. पण माहीत असणं आणि कळणं यात फरक असतो. काकांनी विचारलं, कुणी केलं हे? तिने मूठ मिटली.

“घरच्यांनीच,” ती म्हणाली. “भल्यासाठी.”

काकांनी खाच पुसून, जुनं सोल्युशन खरवडून नवी पट्टी बसवायला घेतली. साबणाच्या पाण्याचा हात लावून, मागच्या मध्यापासून सुरुवात, आधी कोपरे, मग कडा. ताणायची नाही, ताणून बसवली की वर्षात आखडते. मग काच लावून कडेला कागदाची पट्टी धरून ओढून बघितली, सगळीकडे सारखी अडते का. पण त्याआधी त्यांनी जे केलं ते बघून मला भरून आलं. त्यांनी जाड मऊ दोरी चारही नळ्यांतून फिरवली, पेला घेतला आणि कोपऱ्यात पाणी ओतलं. “खाली बसून बघ,” ते म्हणाले. ठकीची आई ठकीला घेऊन जमिनीवर उकिडवी बसली, एकेका चाकामागे. चार धारा पडल्या. मला वाटलं, ड्रायव्हरकाकाच आले.

जुनं रबर आजोबा टाकू देत नाहीत, म्हणून तिने मला पिशवीत घालून घरी आणलं. दुकानात आजोबा एकटेच होते. टबासमोर, हातात ट्यूब. तिने ठकीला खाली सोडलं, मूठ उघडली आणि चारही ठिगळं त्यांच्या पाटावर ठेवली. वाटेत तिने काय काय बोलायचं ठरवलं होतं, पिशवीतून मला तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. त्यातलं काही ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, पाणी जायची भोकं होती ती. आणि किल्ली आत ठेवून मी उतरले. पोरीला ठेवून उतरले. ते माझं.”

आजोबांनी एक ठिगळ उचललं. अंगठा त्याच्या गोल कोपऱ्यावरून फिरवला. आदल्या संध्याकाळी ज्याला समोर उभा करा म्हणाले होते, तो आता त्यांच्यासमोर होता.

“किती वेळ होती ती आत?” त्यांनी विचारलं.

“आठ मिनिटं.”

त्यांनी ठिगळ पाटावर परत ठेवलं. ठकी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, टबातलं पाणी थापटू लागली. पाणी त्यांच्या तोंडावर उडालं, त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि टबात बुडवलं. एका बाजूपासून, वीतभर वीतभर, दाबत, बुडबुडा शोधत. पूर्ण फेरी झाली. जोडापाशी थांबले, तिथेही दाबलं. एक बुडबुडा आला नाही.

“हिच्यात भोक नव्हतंच,” ते म्हणाले. मग सुनेकडे न बघता म्हणाले, “तू विचारलं होतंस. मुद्दाम ठेवली असतील तर, म्हणून. मी हसलो.”

ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. दोघं ठकीचं पाणी थापटणं बघत होती.

आता मी दुकानात खिळ्याला असते, टबाच्या वर. ती चार ठिगळं माझ्या जोडापाशी तारेत ओवलेली आहेत. सनरूफची गाडी समोर थांबली की आजोबा हातातलं काम टाकून उठतात, मला खाली काढतात आणि अनोळखी माणसाला सगळं सांगतात. स्वतःचं नाव लपवत नाहीत. ठिगळं मी लावली, असंच म्हणतात. आणि शेवटी म्हणतात, भोक दिसलं की आधी विचारावं, ते कशासाठी आहे. काही लोक ऐकतात, काही घड्याळ बघतात. भोकं बुजवायचं काम ते अजून करतात, पण कात्री हातात घेतली की क्षणभर थांबतात. ते थांबणं पूर्वी नव्हतं.

मी आता कुणाच्या डोक्यावर नाही. ऊन नाही, पाऊस नाही. पण दुकानासमोर कुठल्याही गाडीचं दार खट् झालं की माझ्या अंगातून ती कळ जाते आणि मी आधी मागच्या सीटवर कोण आहे ते बघते.

ड्रायव्हरकाकांचं पेल्याचं काम डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचलं नाही, म्हणून ते पुढेही गेलं नाही. एवढंच झालं होतं, सांगायचं राहिलं होतं. तुमच्याकडे अशी गाडी नसेल, पण तुमच्या भावाकडे असेल, शेजारणीकडे असेल, ऑफिसातल्या कुणाकडे असेल. त्यांना सांगा की वर्षातून एकदा चार कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओता आणि खाली बसून बघा. गाडीला उचकी लागली तर हसू नका. आणि दहा पावलंच जायचं असलं तरी लेकराला कडेवर घेऊन जा, किल्ली हातात घेऊन जा. आजच सांगा. उद्यावर टाकलं की राहून जातं.